पोट्सडामची अलेक्झांड्रोव्का : बारा गायकांची लाकडी वसाहत

बर्लिनला पाहुणे आले की आपल्यापैकी बहुतेक जण त्यांना एक दिवस पोट्सडामला नेतात. सांसूसीचा राजवाडा, त्याची द्राक्षांच्या पायर्‍यांची बाग, दुपारी डच मोहल्ल्यात कॉफी आणि संध्याकाळी परत, असा साधारण बेत असतो. त्याच शहराच्या उत्तर भागात फळझाडांच्या बागांमध्ये लाकडी घरांची एक छोटी वसाहत आहे. तिचे नाव अलेक्झांड्रोव्का. जर्मन लोक तिला 'रशियन वसाहत' असेही म्हणतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी परक्या देशात येऊन राहिलेल्या बारा माणसांसाठी ती बांधली गेली. त्यांच्यापैकी एका घरात २००५ साली वसाहतीच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले. आपण सगळे घर सोडून आलेली माणसे आहोत, त्यामुळे या वसाहतीची माहिती आपल्या वाचकांना नक्कीच जवळची वाटेल.

थोडक्यात माहिती

स्थळ : पोट्सडाम, ब्रांडेनबुर्ग राज्य
स्थापना : राजाज्ञा १८२६, बांधकाम पूर्ण १८२७
संस्थापक : प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा
बागेची आखणी : पेटर योझेफ लेने
घरे : वसाहतकारांची १२ आणि देखरेख करणार्‍याचे १, एकूण १३. शेजारच्या टेकडीवर आणखी एक लाकडी घर आणि ऑर्थोडॉक्स चर्च
जागतिक वारसा : पोट्सडाम व बर्लिनचे राजवाडे आणि बागा या युनेस्कोच्या यादीतील स्थळात १९९९ पासून समाविष्ट

गायक आले कुठून?

ही गोष्ट सुरू होते एका लढाईत. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला. पुढे १८१२ मध्ये त्याने रशियावर स्वारी केली तेव्हा प्रशियाला नाइलाजाने त्याच्या बाजूने सैन्य पाठवावे लागले. त्या मोहिमेत पकडलेले रशियन युद्धकैदी पोट्सडामला आणण्यात आले. त्यांच्यातल्या काही सैनिकांचा एक गायकवृंद तयार झाला आणि तो राजासमोर गाऊ लागला. रशियन सैन्यात कूच करताना समूहाने गाण्याची रीत होती, त्यामुळे गाणे या लोकांना शिकवावे लागले नाही.

त्यानंतर वारे फिरले. ३० डिसेंबर १८१२ रोजी टाउरोगेन येथे प्रशियाचा सेनापती यॉर्क याने रशियाशी परस्पर करार केला आणि १८१३ मध्ये प्रशिया उघडपणे रशियाच्या बाजूला आला. कालचे कैदी एका रात्रीत मित्रसैन्याचे शिपाई झाले. खरे तर आता त्यांनी घरी जायला हवे होते. पण राजाला त्यांचे गाणे आवडत होते, म्हणून झार अलेक्झांडर पहिला याने त्यांना राजाकडेच राहू दिले. गायकांना प्रशियाच्या पायदळाच्या पहिल्या गार्ड पलटणीत सामावून घेतले गेले. दोन राजांच्या मैत्रीत या साध्या शिपायांना स्वतःचे मत विचारल्याचे दिसत नाही.

१ डिसेंबर १८२५ रोजी झार अलेक्झांडर वारला. तोवर बारा गायक उरले होते. मित्राची आठवण कायम राहावी म्हणून राजाने १० एप्रिल १८२६ रोजी आज्ञा काढली, की पोट्सडामजवळ एक वसाहत उभारावी, तिला अलेक्झांडरचे नाव द्यावे आणि या रशियन गायकांना तिथे वसवावे. म्हणजे ही घरे एकाच वेळी दोन गोष्टी आहेत : राहती घरे आणि एका राजाने दुसर्‍या राजासाठी उभारलेले स्मारक.

वसाहतीची आखणी

आखणीचे काम लेने याच्याकडे होते. पोट्सडाम आणि बर्लिनमधल्या अनेक बागा याच माणसाच्या हातच्या आहेत. त्याने जमिनीला लांबट, टोकांना गोलाई असलेल्या शर्यतीच्या मैदानासारखा आकार दिला आणि आतून एकमेकांना तिरपे छेदणारे दोन रस्ते काढले. हा तिरपा क्रूस म्हणजे रशियात मानल्या जाणार्‍या संत आंद्रेईचे चिन्ह. रस्ते एकमेकांना छेदतात तिथे देखरेख करणार्‍याचे घर आणि रस्त्यांच्या कडेने वसाहतकारांची घरे, अशी मांडणी आहे. शिस्तीची ही लष्करी पद्धत नकाशावर चटकन लक्षात येते.

प्रत्येक घराला बाग मिळाली आणि बागेत फळझाडे लावली गेली. घरे सामानासकट दिली आणि प्रत्येक कुटुंबाला एक गायही दिली. मात्र अटीही होत्या. घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, गहाण टाकायचे नाही. बापाच्या मागे ते फक्त मुलाकडे जाणार. मुलगा नसेल तर घर परत राजाकडे. ही शेवटची अट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा परिणाम मोठा झाला.

ओंडक्यांची घरे, पण खरी की दिखाऊ?

घरे लांबून पाहिली तर ती पूर्ण ओंडक्यांची वाटतात. इथे एक गंमत आहे.

खरे ओंडक्यांचे घर बांधतात ते असे. पाइन किंवा स्प्रूसचे सरळ ओंडके आडवे एकावर एक रचतात. कोपर्‍यावर प्रत्येक ओंडक्याला खाच पाडतात, म्हणजे दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत घट्ट बसतात. फटींमध्ये शेवाळ किंवा ताग ठासतात. अशा भिंतीत ओंडके हेच खांब आणि तेच भिंत. जाड लाकूड थंडी अडवते, म्हणून रशिया, फिनलंड, नॉर्वे अशा जंगलाच्या आणि थंडीच्या देशांत ही पद्धत रुजली. युरोपातून गेलेल्या लोकांनी ती अमेरिकेतही नेली आणि तिथल्या पहिल्या वसाहतकारांचे घर म्हणून तीच प्रसिद्ध झाली. या घराचा एक त्रास असा, की लाकूड वाळते तशी भिंत काही सेंटीमीटर खाली बसते. खिडक्या-दारांच्या वर मोकळी जागा ठेवली नाही तर ती अडकून बसतात.

अलेक्झांड्रोव्कातली घरे मात्र आतून जर्मन आहेत. आधी जर्मन पद्धतीचा लाकडी सांगाडा उभा करून त्याचे खण भरून घेतले आणि बाहेरून उभे चिरलेले अर्धे ओंडके ठोकले. त्यामुळे लाकूड कमी लागले, काम लवकर झाले आणि प्रशियाच्या लष्करी सुतारांना जे येत होते तेच त्यांनी केले. आपल्याकडे मातीच्या भिंतीला वरून दगडी गिलावा करावा, तसाच हा प्रकार. घरांचे नमुने इटालियन वंशाचा वास्तुविशारद कार्लो रोस्सी याच्या रेखाटनांवरून घेतले. त्याने सेंट पीटर्सबर्गजवळ पावलोव्स्क येथे ग्लाझोव्हो नावाचे एक शोभिवंत खेडे रेखाटले होते. म्हणजे मुळातला नमुनाही शेतकर्‍याचा नव्हता, तर राजघराण्याला आवडेल असे 'खेडे' होते.

तरीही घरे देखणी आहेत. त्रिकोणी दर्शनी भाग, वर सज्जा, छपराच्या कडेला झालरीसारख्या कोरीव फळ्या आणि अंगणात जायला मोठे लाकडी फाटक. काही घरे एकमजली, काही दुमजली. कोकणातल्या घराची ओटी आणि पडवी आठवणार्‍यांना ही रचना परकी वाटणार नाही. ऊन-पावसापासून भिंत वाचवायची, तर छप्पर पुढे काढावे लागते, हे शहाणपण दोन्हीकडे सारखे.

अस्सल ओंडक्यांचे घर पाहायचे असेल तर तेही जवळच आहे. वान्झेच्या बाजूला, हावेल नदीच्या वर निकोल्स्कोए नावाचे ठिकाण आहे. राजाची मुलगी शार्लोट हिचे लग्न १८१७ मध्ये रशियाच्या राजपुत्र निकोलसशी झाले होते. तिच्यासाठी राजाने १८१९ साली तिथे रशियन पद्धतीचे घर बांधले. ते १९८४ मध्ये जळाले आणि लगेच पुन्हा उभारले गेले.

टेकडीवरचे चर्च

वसाहतकार ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. त्यांच्यासाठी शेजारच्या टेकडीवर अलेक्झांडर नेव्स्की चर्च बांधले. पायाभरणी सप्टेंबर १८२६ मध्ये झाली आणि १८२९ मध्ये चर्च पूर्ण झाले. आराखडा सेंट पीटर्सबर्गच्या वासिली स्तासोव्ह याचा, तर कामात प्रशियाचा नामवंत वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिश शिंकेल याचाही हात होता. गुलाबीसर भिंती आणि पाच घुमट असलेली ही छोटी वास्तू जर्मनीतल्या सर्वांत जुन्या रशियन चर्चपैकी एक आहे. तिच्याजवळचे लाकडी घर राजाचे चहाघर होते. वर राजा बसायचा, खाली रशियन वंशाचा राजसेवक देखरेखीला राहायचा.

पुढे काय झाले?

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

माणसे बारा. मायदेशातून नवे कोणी येणार नव्हते. लग्ने इथल्याच मुलींशी झाली, त्यामुळे घरात आईची भाषा जर्मन होती. बाहेर पलटण, बाजार, शेजारी, सगळे जर्मन. रशियन शिकवणारी शाळा किंवा मुलांनी एकत्र बसून रशियन बोलावे असा प्रसंग वसाहतीत नव्हता. गाणे हे त्या बारा जणांचे कसब होते, ते मुलांकडे गेले नाही. शेवटचा गायक १८६१ साली वारला. तोपर्यंत पुढची पिढी पोट्सडामची झाली होती. आडनावे तेवढी रशियन राहिली.

घरांच्या बाबतीत मुलाकडेच वारसा जाण्याच्या अटीने आपले काम केले. ज्या घरात मुलगा नव्हता तिथले घराणे वसाहतीतून संपले, मग मुली कितीही असोत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मूळ घराण्यांपैकी अगदी मोजकी तिथे उरली होती.

इतिहासाचा एक चमत्कारिक फेरा असा, की १९४५ नंतर याच भागात पुन्हा रशियन आले, पण वेगळ्या वेषात. वसाहतीच्या वरच्या बाजूला, नव्या बागेजवळ, सोव्हिएत गुप्तचर खात्याची भिंतीआडची वस्ती होती. ती १९९४ पर्यंत टिकली. त्यांच्याच काळात इथल्या लोकांना 'रशियन' या शब्दाची वेगळीच भीती वाटू लागली. त्या वस्तीतला तुरुंग आज लाइस्टिकोस्ट्रासे या रस्त्यावर स्मारक म्हणून पाहता येतो.

जर्मन एकीकरणानंतर वसाहतीच्या दुरुस्तीला वेग आला. २००१ मध्ये पोट्सडामला राष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने बागांमध्ये जुन्या जातींची फळझाडे पुन्हा लावण्यात आली. २००५ मध्ये २ क्रमांकाच्या घरात खासगी पुढाकाराने संग्रहालय उघडले. वसाहतीचा इतिहास, घरांची बांधणी आणि वसाहतकारांचे रोजचे जगणे हे त्याचे विषय. बाकीची बहुतेक घरे आजही राहती आहेत.

आपल्याला यातून काय दिसते?

अलेक्झांड्रोव्कामध्ये राजाने जे जपायला सांगितले ते जपले गेले : छप्पर, कोरीव फळ्या, पाट्या, झाडे. भाषा जपावी असे कोणाच्या आज्ञेत नव्हते, आणि आज्ञेने ती जपलीही गेली नसती. टेकडीवरच्या चर्चमध्ये मात्र आजही प्रार्थना होतात. त्याला कारण बारा गायकांचे वंशज नव्हेत, तर नंतर आलेली रशियन भाषक माणसे. जी वास्तू वापरात राहिली ती जिवंत राहिली, जी नुसती जपली गेली ती संग्रहालय झाली.

आपल्याच इतिहासात याच्या उलट उदाहरण आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापले. तिथली मराठी माणसे तमिळ मुलुखात तीनशे वर्षांहून अधिक काळ राहिली, राज्य १८५५ मध्ये गेले, तरी घरातली मराठी टिकली. ती पुण्याच्या मराठीसारखी राहिली नाही, तिने तमिळचा रंग घेतला, पण ती बोलली गेली. फरक कशाचा? संख्या होती, आपसांत लग्ने होती, आणि मुलांशी बोलण्याची भाषा आई-आजीची होती. पोट्सडामच्या बारा गायकांकडे यातले काहीच नव्हते, म्हणून त्यांना दोष देण्याचेही कारण नाही.

आपली परिस्थिती या दोन्हींच्या मधली आहे. आपल्याकडे विमान आहे, फोन आहे, सुट्टीत येणारी आजी आहे. पण तंजावरसारखी वस्ती नाही. म्हणून मंडळाची मराठी शाळा, गणपतीतले नाटुकले, मुलांचे पाठांतर या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी तशा नाहीत. वर्षातून एकदा सण साजरा करणे म्हणजे कोरीव फळी जपणे. रोज जेवताना मराठीत बोलणे म्हणजे घरात राहणे. दोन्ही हवे, पण दुसरे सुटले तर पहिले फक्त शोभेचे उरते.

आणखी एक गोष्ट. मुलींना घर मिळत नसे म्हणून इथली घराणी संपली. आपल्या घरांतही 'मराठीपण' कोणाकडून पुढे जाईल याचा हिशेब करताना मुलीच्या सासरच्या नावाकडे पाहू नये. भाषा आडनावाबरोबर जात नाही, ती बोलणार्‍याबरोबर जाते. लेकीची मुले तिच्याशी मराठी बोलत असतील तर वारसा तिच्याकडेच आहे.

जाता जाता : आपले युद्धकैदी

युद्धकैद्यांचे गाणे या प्रदेशात आणखी एकदा ऐकू आले. पहिल्या महायुद्धात बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ येथे ब्रिटिश भारतीय सैन्यातले कैदी ठेवले होते. तिथे १९१५ मध्ये लाकडाची मशीदही बांधली होती. जर्मन संशोधकांनी या कैद्यांचे बोलणे आणि गाणी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केली आणि तो संग्रह आज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाकडे आहे. जे परत गेले नाहीत त्यांची दफनभूमी जवळच त्सेरेन्सडॉर्फला आहे. त्यांच्यासाठी कोणी वसाहत बांधली नाही, आवाज मात्र राहिले.

कसे जावे, काय पाहावे

बर्लिनहून एस-बान ७ किंवा प्रादेशिक गाडीने पोट्सडाम मुख्य स्थानक गाठावे. तिथून ट्रामने उत्तरेकडे जाऊन पुश्किनआले थांब्यावर उतरावे. चालायची आवड असेल तर डच मोहल्ला आणि नाउएनर टोर या वेशीवरून पायीही जाता येते. संग्रहालयाचा पत्ता : रूसिशे कोलोनी २. ते खासगी असल्याने निघण्याआधी ते उघडे आहे का आणि वेळा काय, हे शहराच्या पर्यटन कार्यालयाकडे विचारून घ्यावे. बाहेरून वसाहत केव्हाही पाहता येते, रस्ते सर्वांसाठी खुले आहेत. घरांत लोक राहतात, तेव्हा फाटकाच्या आत शिरू नये आणि झाडांची फळे तोडू नयेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात :

१. घरांवरच्या पाट्यांवरील रशियन नावे.
२. भिंतीचा ओंडका पूर्ण गोल आहे की अर्धा, हे कोपर्‍यावर जाऊन पाहणे.
३. रस्त्यांचा तिरपा क्रूस नकाशावर ओळखणे.

वेळ असेल तर टेकडीवरचे चर्च पाहून पुढे फिंग्स्टबेर्गवर चढावे, वरून सारे शहर दिसते. खालच्या नव्या बागेत त्सेत्सिलिएनहोफ राजवाडा आहे, १९४५ ची पोट्सडाम परिषद तिथेच झाली. त्याच दिवशी डच मोहल्ला पाहिला तर लक्षात येईल, की तोही अठराव्या शतकात राजाने हॉलंडच्या कारागिरांना बोलावण्यासाठी बांधला होता. बाबेल्सबेर्ग भागातले नोवावेस बोहेमियाच्या विणकरांसाठी वसवले गेले. १६८५ च्या पोट्सडाम फर्मानाने फ्रान्समधून हाकलले गेलेले ह्युगेनो या राज्यात आले. राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर बाहेरून आलेल्यांनीही घडवले आहे. फळझाडे फुललेली पाहायची तर एप्रिलअखेर ते मेचा आरंभ चांगला. सफरचंदांसाठी सप्टेंबर निवडावा.